बारभाईंतील बेबनाव

पेशवाईच्या उत्तरकाळाविषयी आपल्या ज्ञातिबांधवांत बोलणे निघाले, की सखारामबापू बोकील यांचे नाव निघाल्यावाचून राहत नाही. हिवरे गावच्या ह्या देशस्थ मुत्सद्द्याने एका बाजूस तीन पेशव्यांची कारकीर्द पाहिली व दुसऱ्या बाजूस एका पेशव्याचे राज्य उलथून पाडले. मराठेशाहीतील 'साडेतीन शहाण्यां'ची गणना लोक करीत, तेव्हा सखारामबापू, देवाजीपंत चोरघडे व विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे ठरत आणि नाना फडणीस अर्धे. नाना तलवारबहाद्दर नव्हते, म्हणून त्यांच्या पदरी अर्धेच शहाणपण पडले, असा ह्या गणितामागील हिशेब सांगतात. हा अर्धा शहाणा शेवटी पूर्ण शहाण्यास पुरून उरला; पूर्ण शहाणा गडावरील कैदेत मेला. आम्ही लहान असताना घरच्या वडीलधाऱ्या मंडळींकडून ह्या गोष्टीचा जो अर्थ ऐकला, तो सरळ होता. देशस्थाचे कोकणस्थापुढे चालले नाही, एवढाच तो अर्थ.

आज ह्या स्मरणिकेच्या निमित्ताने तो अर्थ पुन्हा तपासून पाहण्याचे आम्ही योजिले आहे. ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीतील कर्त्या पुरुषाची थोरवी गावी, हा शिष्टाचार आम्हांस ठाऊक आहे. बापूंची थोरवी निर्विवाद असल्यामुळे ती गाण्यास आमची हरकतही नाही. परंतु बारभाईंच्या कारस्थानात जो बेबनाव झाला, त्याचे मूळ ज्ञातिभेदात शोधू लागल्यास कागदपत्र आपणांस साथ देत नाहीत, आणि बापूंवर झालेला खरा आघात कोणता, हे मात्र नजरेआड होते.

प्रथम प्रसंग ध्यानी घ्यावा. थोरले माधवराव 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊर येथे वारले. त्यांचे धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. वय अवघे सतरा-अठरा वर्षांचे, स्वभाव उतावळा, आणि चुलते रघुनाथराव म्हणजे राघोबादादा शनिवारवाड्यातच नजरकैदेत. 30 ऑगस्ट 1773 रोजी, ऐन गणेशोत्सवाच्या दिवसांत, पगार थकल्याचा दंगा माजवून गारदी वाड्यात शिरले आणि त्यांनी नारायणरावांस चुलत्याच्या डोळ्यांदेखत कापून काढिले. 'धरावे' चे 'मारावे' झाल्याची कथा महाराष्ट्रात पोराठोरांस पाठ आहे. तिच्यात आम्ही शिरत नाही. दादा पेशवे झाले. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून दोष खुद्द पेशव्याच्या माथी ठेविला, आणि ह्या पातकास देहान्त प्रायश्चित्तावाचून दुसरा उपाय नाही, असे तोंडावर सांगून ते पुणे सोडून गेले, अशी परंपरा आहे.

शास्त्रीबुवांस पुणे सोडता आले, कारभाऱ्यांस ते सोडता येण्यासारखे नव्हते. राज्य चालवावयाचे होते, निजाम व हैदर टपलेले होते, फौजेचा पगार तुंबला होता. सखारामबापू दादांच्या कारभारात राहिले. बापू हे मूळचे दादांचेच माणूस होते, ही गोष्ट आपल्याकडे बापूंची स्तुती करताना बहुधा वगळली जाते. दादांच्या उत्तरेकडील स्वाऱ्यांत बापू त्यांचे कारभारी होते. 1762 साली चुलत्या-पुतण्यांचे युद्ध झाले व आळेगावी माधवरावांस चुलत्याचे स्वाधीन व्हावे लागले, तेव्हाही बापू दादांच्याच पक्षात होते. पुढे माधवरावांनी त्यांस वागविले, पण पुरता विश्वास कधी टाकला नाही. अशा माणसास 1773 च्या शरद ऋतूत आपल्या जुन्या धन्याविरुद्ध कट करावयाचा होता. हे काम किती अवघड, याची कल्पना आज घरात बसून करणे सोपे नाही.

दादा निजाम-हैदरावर स्वारीस निघाले, आणि लष्करातून एकेक कारभारी काही ना काही निमित्त काढून पुण्याकडे परतू लागला. कोणास दुखणे आले, कोणास घरचे काम निघाले. त्रिंबकराव पेठे म्हणजे त्रिंबकमामा, नाना फडणीस, मोरोबा फडणीस, हरिपंत फडके, आणि सर्वांच्या मागे पण सर्वांत वडील असे सखारामबापू. ह्यांच्याभोवती पटवर्धन, रास्ते, प्रतिनिधी असे सरदार कमीअधिक उत्साहाने जमले. हेच बारभाई. बारा हा आकडा मोजून घेतलेला नाही. पुष्कळांनी मिळून एकच काम अंगावर घेतले, एवढाच त्याचा भाव. 'बारभाईंचा कारभार' हे शब्द आपण आज निंदेने उच्चारतो आणि धनी नसलेल्या घराला ते लावतो. परंतु त्या वेळी धनी नसणे हा दोष नव्हता. धन्यावाचून राज्य चालविण्याचा तो मराठी राज्यातील पहिलाच निश्चय होता.

ह्यास राज्यक्रांती म्हणावे की नाही, याविषयी मतभेद होईल. प्रजेने उठाव केला नाही, तख्त मोडले नाही, साताऱ्याचे छत्रपती आपल्या जागी होते, आणि जो कोणी पेशवा होईल त्याची वस्त्रे तेथूनच यावयाची होती. तथापि गादीवर बसलेल्या, वस्त्रे मिळालेल्या, वयाने व अनुभवाने समर्थ अशा पेशव्यास त्याच्याच नोकरांनी एकत्र येऊन 'तू खुनी आहेस, म्हणून तू आमचा धनी नव्हेस' असे सांगावे, आणि राज्याचा हक्क एका अद्याप जन्मास न आलेल्या जीवाच्या नावाने चालवावा, ही गोष्ट क्रांतीहून कमी कशी म्हणावी, हे आम्हांस समजत नाही.

कारण त्या वेळी बारभाईंच्या हाती होते काय? नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या, एवढेच. जानेवारी 1774 मध्ये त्यांस पुरंदर किल्ल्यावर नेऊन ठेविले. सोबतीस सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. गडाखाली सर्व राज्य श्वास रोखून होते. पुत्र होतो की कन्या, ह्यावर शेकडो घराण्यांची वतने व मानेवरील डोकी अवलंबून होती. दादांच्या पक्षाने आवई उठविली, की गडावर आणखीही गरोदर बायका नेऊन ठेविल्या आहेत आणि कन्या झाल्यास पुत्र बदलून देण्याची तजवीज झाली आहे. मार्चच्या 26 तारखेस पंढरपूरजवळ कासेगाव येथे दादांनी बारभाईंची फौज मोडली. त्रिंबकमामा जखमी होऊन पकडले गेले व थोड्याच दिवसांत वारले. बारभाईंतील रणशूर असा हा मोठा आधार मूल जन्मण्यापूर्वीच गेला. ह्याचा परिणाम पुढे फार झाला. मामा जगते, तर नाना व बापू यांच्या मध्ये उभा राहू शकेल असा तिसरा माणूस मंडळात राहिला असता.

18 एप्रिल 1774 रोजी पुरंदरावर पुत्र झाला. चाळीस दिवसांच्या बालकाच्या नावे साताऱ्याहून वस्त्रे आली, आणि सवाई माधवराव पेशवे झाले. दादा उत्तरेकडे माळव्यात गेले, तेथे शिंदे-होळकरांनी त्यांस धड धरले नाही व धड साथही दिली नाही. मग ते गुजराथेत उतरले, आणि 6 मार्च 1775 रोजी सुरतेस इंग्रजांशी तह करून त्यांनी साष्टी व वसई कंपनीस लिहून दिली. साष्टीवरील ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी त्याच्या दोन-तीन महिने आधीच घेतला होता. मे महिन्यात गुजराथेत अडास येथे हरिपंतांची व इंग्रजांची लढाई झाली.

येथे एक गंमत सांगावयाची आहे, आणि ती केवळ गंमत नव्हे. पुण्यात जसे दोन पक्ष होते, तसेच इंग्रजांतही होते. मुंबईच्या कौन्सिलाने केलेला सुरतेचा तह कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलाने नाकारला; खुद्द कलकत्त्यात वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याच्या विरुद्ध असलेले बहुमत यांचा रोजचा कलह चालू होता. कलकत्त्याहून अप्टन साहेब पुण्याकडे आला आणि 1 मार्च 1776 रोजी पुरंदरचा तह झाला. त्यावर बारभाईंतर्फे सखारामबापू व नाना यांच्या सह्या झाल्या. साष्टी इंग्रजांकडेच राहिली; दादांनी महिना पंचवीस हजार रुपये नेमणूक घेऊन कोपरगावी राहावे, असे ठरले. दादा कोपरगावी गेले नाहीत. मुंबईकरांनी त्यांस आपल्या छत्राखाली ठेवून घेतले. इंग्रजांतील दोन पक्षांचा कलह कंपनीच्या एका चौकटीत चालत असे. तेथे मतांची मोजणी होई, विलायतेस तक्रारी जात, आणि उत्तर येईपर्यंत तरी दोघे एकाच टेबलाशी बसत. पुण्याच्या मंडळास अशी चौकट नव्हती. मतभेद झाल्यास तो कोणापुढे मांडावा? पेशवा पाळण्यात, छत्रपती साताऱ्यात नामधारी, आणि शास्त्रीबुवा न्यायाधीश म्हणून परत आलेले असले, तरी कारभाऱ्यांच्या चढाओढीचा निवाडा करणे हे त्यांचे काम नव्हे. आमच्या मते बारभाईंच्या बेबनावाचे मूळ येथे आहे. सर्वांनी मिळून राज्य घेतले खरे, परंतु त्यांच्यात दोन मते झाली तर अखेरचा शब्द कोणाचा, हे त्यांनी कधी ठरविलेच नाही.

जोवर दादांचे भय होते, तोवर ते ठरविण्याची गरजही पडली नाही. पुरंदरच्या तहानंतर भय ओसरले, आणि प्रत्येकाने शेजाऱ्याकडे निरखून पाहण्यास आरंभ केला. मध्यंतरी 1776 मध्ये पानपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने एक तोतया उभा राहिला. रत्नागिरीच्या किल्ल्यावर तो कैदेत होता. तेथील अंमलदारानेच त्यास सोडिले आणि कोकणातील कित्येक किल्ले पाहता पाहता त्याच्या हाती गेले. महादजी शिंदे वगैरेंनी त्याचा मोड केला, आंग्र्यांनी त्यास पकडून दिले, आणि पुण्यास चौकशी होऊन वर्षअखेर त्यास देहान्ताची शिक्षा झाली. तोतया खोटा होता. परंतु शहाण्यासुरत्या माणसांनी त्यास मुजरे केले, ही गोष्ट खरी. आणि ती का केली, याचे उत्तर बारभाईंस सुखाचे नव्हते. लोकांना धनी हवा होता. कारभाऱ्यांचे मंडळ त्यांस धन्याच्या जागी दिसत नव्हते.

पुढील वर्षी, 1777 च्या जुलैत, गंगाबाई वारल्या. पोरक्या बाळ पेशव्याचा सांभाळ पुरंदरावर, आणि पुरंदर नानांच्या माणसांच्या हाती. दफ्तरही नानांचे. फडणिशी म्हणजे केवळ जमाखर्च लिहिण्याची चाकरी, असा आपला गैरसमज असतो. कोणत्या सरदारास किती सरंजाम, कोणाची किती बाकी, कोणाच्या वतनाच्या सनदेत कोणते कलम कच्चे, हे सारे फडणिसास ठाऊक असे. बापूंजवळ चाळीस वर्षांचा अनुभव, सल्ला व दरारा होता. नानांजवळ कागद होता आणि बाळ होते. तलवार दोघांजवळही नव्हती. ज्याच्याकडे तलवारवाला मिळेल, त्याची सरशी व्हावयाची होती.

पहिला घाव मात्र बापूंकडून आला नाही. तो आला नानांच्या घरातून, आणि ज्ञातिभेदाची उपपत्ती येथेच कोलमडते. मोरोबादादा फडणीस हे नानांचे चुलतभाऊ. एकच कूळ, एकच भानू आडनाव, फडणिशीच्या कामात दोघांचाही हात, आणि माधवरावांच्या काळात मोरोबांचा मान नानांहून कमी नव्हता. बारभाईंच्या आरंभी जे नाव नानांच्या बरोबरीने घेतले जात होते, ते चार वर्षांत मागे पडले. ह्या अपमानाने मोरोबा जळत होते. भाऊबंदकीचे विष केवढे असते, हे ज्ञातीतील वाटण्यांचे तंटे ज्यांनी मिटविले आहेत, त्या आमच्या वाचकांस सांगण्याची गरज नाही. मोरोबांनी मुंबईकरांकडे संधान बांधले आणि दादांस पुण्यास आणावे, अशी सूचना केली. तुकोजी होळकर त्यांस मिळाले. बजाबा पुरंदरेही त्याच गटात होते. मुंबईच्या कौन्सिलास ही संधी हवीच होती. नानांनी त्या सुमारास सेंट ल्युबिन नावाच्या फ्रेंचास पुण्यात ठेवून घेतल्यामुळे इंग्रजांस कुरापतीस आयते कारणही मिळाले होते. तथापि पुरंदरच्या तहावर ज्यांच्या सह्या आहेत, त्यांपैकी कोणीतरी आपल्या बाजूस असल्यावाचून तह मोडणे शोभत नाही, म्हणून त्यांची नजर बापूंकडे वळली.

आणि बापू? बापू 'हो'ही म्हणेनात आणि 'नाही'ही म्हणेनात.

मार्च 1778 मध्ये मोरोबांनी पुण्याचा कारभार आपल्या हाती घेतला. नानांची वेळ वाईट होती. हरिपंत फडके हैदरावर कर्नाटकात गुंतलेले, महादजी कोल्हापूरकरांशी झगडत असलेले. होळकरांची फौज मात्र जवळ. नानांनी पुणे सोडले आणि ते पुरंदरावर जाऊन बसले. आमच्या समजुतीने नानांच्या सबंध आयुष्यातील हा सर्वांत शहाणपणाचा डाव होय. राजधानी गेली, पण पेशवा त्यांच्या मांडीवर राहिला. मोरोबांस पुण्यात शिक्कामोर्तब करावयास पेशव्याचे नाव हवे, आणि ते नाव गडावर! तीन महिने हा प्रकार चालला. मोरोबा मनाने डळमळू लागले. दादांस आणण्याचे बोलणे त्यांनीच काढिले होते, परंतु कारभार हाती आल्यावर दादा कशाला हवेत, असे त्यांस वाटू लागले. दादा आले म्हणजे पुन्हा एक धनी उरावर येणार! मुंबईकरांस त्यांनी धड बोलाविले नाही. ह्या तीन महिन्यांत बापूंची ये-जा दोन्हींकडे होती. मोरोबांस त्यांचे उत्तेजन होते, नानांशी त्यांची तडजोडीची बोलणीही होती.

जूनमध्ये महादजी कोल्हापूरकडील काम आटोपून आले आणि हरिपंतही येऊन मिळाले. होळकरांस पैसा देऊन वळविले. 11 जुलै 1778 रोजी महादजींच्या स्वारांनी मोरोबांस पकडिले व नानांचे स्वाधीन केले. नानांनी आपल्या चुलतभावास अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात नेऊन ठेविले. त्यांच्या पक्षाची इतरही माणसे अटकेत पडली. बापूंस त्या वेळी कोणी हात लाविला नाही. त्यांचा दरारा हे एक कारण, तहावरील त्यांची सही हे दुसरे. इंग्रजांशी बिघाड होण्याचा रंग दिसत असता, तह करणाऱ्या दोघांपैकी एकास कैदेत घालणे म्हणजे तह आपणच मोडिल्यासारखे झाले असते.

तो बिघाड चार महिन्यांत आलाच. नोव्हेंबरात मुंबईहून इंग्रजी फौज दादांस घेऊन निघाली. बोरघाट चढून ती मावळात उतरली. कार्ल्याजवळ 'इष्टूर फाकडा' म्हणून मराठ्यांनी ज्याचे कौतुक केले तो कॅप्टन स्टुअर्ट 4 जानेवारी 1779 रोजी पडला. फौज तळेगावापर्यंत पोहोचली, तो गाव ओसाड व जाळलेला, दाणावैरण नाही, आणि चहूंकडे मराठ्यांचे स्वार. 11 तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात लोटून इंग्रज मागे फिरले. वडगावी त्यांस घेरून महादजींनी तह करावयास लाविले. 1773 पासून घेतलेला सर्व मुलूख परत देण्याचे त्यांनी मान्य केले. कंपनीने पुढे हा तह नाकारला, ती कथा निराळी. दादा महादजींच्या हवाली झाले.

दादा ज्या विश्वासाने निघाले होते, तो विश्वास असा होता, की आपण घाट चढलो की पुण्यातील आपला पक्ष उठेल. कोणी उठले नाही. पण असा पक्ष पुण्यात होता, हे आता उघड झाले, आणि त्याच्या मुळाशी बापू आहेत, असे नानांनी धरिले. इंग्रजांचा आता धाक नव्हता, तहावरील सहीचे मोलही संपले होते. 1779 मध्ये इंग्रजांशी व दादांशी संधान राखल्याचा ठपका ठेवून सखारामबापूंस कैद केले.

बापूंनी द्रोह केला काय? ह्या प्रश्नाशी आम्ही पुष्कळ दिवस अडखळलो. त्यांचे संधान होते, ह्यात आम्हांस संशय नाही. ज्ञातीच्या अभिमानाने तो पुसून टाकणे योग्य नव्हे. परंतु संधान म्हणजे काय, हे ज्या त्या काळाच्या मापाने मोजिले पाहिजे. बापू ज्या शाळेत तयार झाले, ती बाजीरावांच्या अखेरची व नानासाहेबांच्या काळाची शाळा. तेथे शत्रूच्या गोटात आपला माणूस आणि आपल्या गोटात शत्रूचे कान ठेवणे, हा कारभाऱ्याचा धर्मच समजला जाई. आज जो वैरी, तो उद्या धन्याचा चुलता म्हणून परत यावयाचा. मग त्याच्याशी शेवटची गाठ तोडावी कशाला? आळेगावानंतर माधवराव चुलत्याच्या हाती पडले, आणि काही वर्षांनी चुलते माधवरावांच्या कैदेत पडले. दोन्ही वेळा कोणी कोणास ठार केले नाही, आणि दोन्ही वेळा समेट घडविण्यास दोन्हीकडे दार उघडे असलेला माणूस लागला. तो माणूस बापू असत. घरातल्या भांडणात असा एक वडील माणूस लागतोच.

30 ऑगस्ट 1773 नंतर मात्र भांडण घरातले राहिले नाही. रक्त सांडले होते. एकदा धन्यास खुनी ठरवून त्याच्याविरुद्ध गर्भातील बाळाच्या नावे राज्य चालविले, म्हणजे समेटाचे दार बंद झाले. दादा परतले असते, तर बारभाईंपैकी कोणाची धडगत नव्हती. नानांनी हे पहिल्या दिवसापासून ओळखिले. बापूंनी ते ओळखिले नाही, किंवा ओळखून मनास पटू दिले नाही. जी गोष्ट चाळीस वर्षे शहाणपण म्हणून गणली गेली, ती एका रात्रीत द्रोह झाली, आणि वृद्ध बापू आपल्या सवयीप्रमाणेच वागत राहिले. नानांचे वय 1773 मध्ये एकतीस. पानपतावरून तरुणपणी जीव घेऊन परतलेला तो माणूस. हातचे राखून वागणे त्यास ठाऊक होते, पण दोन्ही डगरींवर हात ठेवणे त्यास मानवत नसे. आम्ही नानांचे भक्त नाही. त्यांनी पुढे एकट्याच्या मुठीत जे राज्य आवळून धरिले, त्यात बारभाईंचा मूळ हेतू मेला, असे आमचे मत आहे. परंतु बापूंस त्यांनी पकडिले ते देशस्थ म्हणून नव्हे. स्वतःच्या चुलतभावास ज्याने आधी किल्ला दाखविला, त्याच्यावर असा आरोप टिकत नाही. नानांचा ज्यावर भार होता, ते महादजी ना कोकणस्थ ना देशस्थ. आणि ज्या राघोबादादांविरुद्ध हे सारे कारस्थान झाले, ते तर कोकणस्थांचेच धनी!

बारभाईंच्या झगड्यानंतर पंधरा वर्षांनी पॅरिस शहरातही एकत्र येऊन राजा पदच्युत करणारी मंडळी एकमेकांवर उलटली. 1794 च्या एप्रिलात दांतों गिलोटिनखाली गेला आणि जुलैत त्यास पाठविणारा रोब्सपियर गेला. पुण्यात तसे झाले नाही. येथे हरलेल्यास गड मिळे. जिवंत माणूस तसाच ठेवावयाचा, खावयास घालावयाचे, पण त्याचा शब्द कोणाच्या कानी पडू द्यावयाचा नाही. बापूंस आधी सिंहगडावर, तेथून प्रतापगडावर आणि शेवटी रायगडावर नेले. ज्याच्या सल्ल्यावाचून पुण्यात पान हलत नसे, त्यास डोंगराच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकावर हलविले जात होते. 1781 मध्ये रायगडावर बापू वारले.

त्यापुढील वर्षी, 17 मे 1782 रोजी, महादजींच्या मध्यस्थीने इंग्रजांशी सालबाईचा तह झाला. दादा वडगावानंतर महादजींच्या हातून निसटून पुन्हा इंग्रजांकडे गेले होते. आता त्यांस कोपरगावी यावे लागले. पुरंदरच्या तहाने हेच गाव त्यांस सहा वर्षांपूर्वी दिले होते. तेथेच 1783 च्या डिसेंबरात त्यांचा अंत झाला. बारभाईंपैकी त्रिंबकमामा रणात गेले, मोरोबा किल्ल्यात, बापू गडावर. हरिपंत नानांच्या शब्दाबाहेर नव्हते. मंडळ असे उरलेच नाही. पाळण्यातल्या पेशव्याच्या नावे ज्यांनी राज्य घेतले, त्यांतील एकटे नाना राज्य चालवीत राहिले, आणि पाळण्यातले मूल मोठे झाले तरी ते त्याच्या हाती देण्याची वेळ आली नाही. 27 ऑक्टोबर 1795 रोजी, वाड्याच्या वरच्या मजल्यावरून पडून जखमी झालेले सवाई माधवराव वयाच्या बाविसाव्या वर्षी निपुत्रिक वारले. गादीस हक्कदार उरले ते राघोबादादांचेच पुत्र.

मग नानांच्या भोवती तेच फिरले. 1796 मध्ये त्यांस पुणे सोडून महाडपर्यंत जावे लागले. कारस्थाने करून ते परतले आणि दादांच्या थोरल्या मुलास, बाजीरावास, त्यांनीच गादीवर बसू दिले. महादजी 1794 मध्येच वारले होते, त्यांच्या जागी दौलतराव शिंदे होते. 31 डिसेंबर 1797 रोजी दौलतरावांच्या माणसांनी भेटीस बोलावून नानांस पकडिले आणि नगरच्या त्याच किल्ल्यात नेले, जेथे एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी मोरोबादादांस पाठविले होते. पुढील वर्षी मोठी रक्कम भरून ते सुटले, आणि 13 मार्च 1800 रोजी पुण्यास वारले.